ठोकीव, कपच्या आणि उसन्या

चित्रांची पुस्तकं म्हणजे ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांची तात्पुरती सोय, असं समजणारी माणसं मी वाचनालयाच्या दारातच ओळखते. पुस्तक उचलतात, अंगठ्यानं पानं फरफर सोडतात, "यात तर काहीच लिहिलेलं नाही" म्हणतात आणि उलटं ठेवून निघून जातात. नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात मी बावीस वर्षं वाचनालय सांभाळलं. शाळेच्याच आवारात दोन खोल्या, एक शेगडी आणि पाचेकशे पुस्तकं. त्यांतली निम्मी मुलांची. मोठ्यांची पुस्तकं धूळ खायची आणि मुलांची मार खायची, एवढाच काय तो फरक.

एकाहत्तर सालच्या सप्टेंबरात बेरमेत माझ्याकडे आली. तेमिरबायच्या घरची नवी सून, दुसरीच्या वर्गावर नव्यानं लागलेली मास्तरीण. डोक्यावरचा पांढरा रुमाल अजून कोरा करकरीत होता. म्हणाली, "सेयिल एजे, ज्यांत कमीत कमी शब्द आहेत अशी पुस्तकं मला काढून द्या." आमच्याकडे मोठ्या बहिणीला एजे म्हणतात, आणि बाईमाणसाला मान द्यायचा तरी एजेच म्हणतात. मला वाटलं, पोरगी कामचुकार दिसते. मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. तेव्हा तिनं निसर्गाचं पाठ्यपुस्तक माझ्यापुढे उघडून धरलं आणि पहिल्या धड्यातल्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. मग पान उलटून तिसऱ्या शब्दावर ठेवलं. बोलली काहीच नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तिच्या सासऱ्यांचं नाव तेमिरबाय. आमच्या भाषेत तेमिर म्हणजे लोखंड. चुलत सासरे ताश्तान. ताश म्हणजे दगड. आणि मोठे दीर आयबेक. आय म्हणजे चंद्र. सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांची नावं घ्यायची नाहीत हे तर झालंच, पण ती नावं ज्या शब्दांतून निघाली ते शब्दही तोंडातून काढायचे नाहीत. गावात ट्रॅक्टर आले, वीज आली, मुली कॉलेजात जाऊन आल्या, पण हे काही गेलं नाही. मी तरी कुठं सुटले होते? माझ्या सासऱ्यांच्या नावात लांडगा होता. एकदा मेंढवाड्यात खराच लांडगा शिरला तेव्हा मी "शेपटीवाला आला, शेपटीवाला आला" म्हणून ओरडले. नवऱ्याला वाटलं शेजारचं कुत्रं आलं असेल, तो कूस बदलून झोपला. दोन मेंढ्या गेल्या.

तर लोखंड, दगड आणि चंद्र हे तीन शब्द गेल्यावर दुसरीच्या निसर्गाच्या पुस्तकात उरतं काय? त्या घराण्यात लाकूड नावाचा कोणी नव्हता हेच नशीब.

मी तिला पुस्तकं काढून दिली. त्यांत एक होतं विसरभोळ्या शिंगराचं. शिंगरू नदी ओलांडतं आणि त्याच्या खोगिराच्या पिशवीतून एकेक वस्तू पाण्यात पडत जाते: लाकडी पळी, घोड्याचा नाल, गोटा, लोकर थापून केलेला नमद्याचा बूट. पानावर शब्द दोन-चारच, बाकी सगळी नदीच नदी. वर्ग आणि वाचनालय यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि तीही पातळ, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. बेरमेत चित्र उंच धरायची आणि विचारायची, हे काय? मुलं सांगायची. हे कुठं जाईल? तळाला. आणि हे? वरच राहील. का? इथं मग वादाला तोंड फुटायचं. अर्धा तास भांडण चालायचं, आणि तिनं त्या अर्ध्या तासात फार तर चार शब्द बोललेले असायचे. बाकीचे शिक्षक आधी उत्तर सांगतात आणि मग प्रश्न विचारतात. हिच्याकडे सांगायला उत्तरच नव्हतं, कारण उत्तर सासऱ्यांच्या नावात होतं.

पण काही वेळा त्या वस्तूबद्दल बोलावं तर लागणारच. मग सुना जे करतात तेच तिनंही केलं, दुसरी नावं ठेवली. लोखंडाला ती आधी 'काळं' म्हणायची. एर्मेक नावाचा एक नाकातून शेंबूड आणि तोंडातून प्रश्न कधी न थांबणारा मुलगा होता. तो म्हणाला, "एजे, कोळसापण काळाच असतो. मग?" दुसरी कुठली बाई असती तर त्याला खाली बसवलं असतं. हिनं वर्गालाच विचारलं, मग काय म्हणूया? लोखंडात असं काय आहे जे दुसऱ्या कशातच नाही? मुलांनी दोन दिवस गावभर हातोड्या मारल्या, एका घराचं मडकं आणि दुसऱ्या घराचा आरसा त्यात गेला, आणि तिसऱ्या दिवशी ठरलं की ठोकलं तर जे तुटत नाही, पसरतं, ते लोखंड. म्हणून त्याचं नाव 'ठोकीव'. दगडाला ती 'टणक' म्हणत होती, तेही गेलं, कारण ठोकीवसुद्धा टणकच. दगड ठोकला की कपच्या उडतात, म्हणून तो झाला 'कपच्या'. वर्गाचा नियमच होऊन बसला: नाव खोटं आहे असं कोणी दाखवून दिलं की नाव बदलायचं.

चंद्राला तिनं 'उजळ्या' असं नाव दिलं होतं. ते नोव्हेंबरापर्यंत टिकलं. मग अस्वलाच्या पिल्लाचं पुस्तक आलं. त्यात एका पानावर उजवीकडे सूर्य डोंगराआड जातोय, त्याच्या थोडं वर चंद्राची कोर आहे, आणि कोरीचा उजळ भाग डावीकडे. पिल्लू तिच्याकडे बघून हात करतंय. चित्र फार गोड होतं, मला स्वतःला आवडायचं. आसिल नावाची मुलगी उठली. ही उन्हाळाभर आजोबांबरोबर वरच्या कुरणात मेंढ्या राखायची आणि एरवी वर्गात चकार शब्द बोलत नसे. ती म्हणाली, "हे खोटं आहे. उजेड सूर्याच्या बाजूला पाहिजे."

कुणाला पटेना. तेव्हा बेरमेतनं चार दिवस थांबून एका दुपारी सगळा वर्ग अंगणात काढला. पूर्वेला निळ्या आभाळात अर्धा चंद्र आला होता आणि पश्चिमेला ऊन. आसिलनं खिशातून कुरुत काढला, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा पांढरा गोळा, आणि हात लांब करून चंद्राशेजारी उन्हात धरला. जेवढा चंद्र उजळ होता तेवढाच कुरुत उजळ होता, आणि त्याच बाजूनं. अठ्ठावीस मुलांनी आळीपाळीनं बघितलं. मीही कुंपणावरून वाकून बघितलं आणि पन्नाशीला पोचलेल्या मला पहिल्यांदा कळलं की चंद्राचा उजेड त्याचा स्वतःचा नाही. पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी. सगळ्यांचं बघून झाल्यावर आसिलनं चंद्र खाऊन टाकला.

उजळ्या हे नाव अर्थातच गेलं. जो दुसऱ्याकडून उजेड उसना आणतो तो 'उसन्या', असं मुलांनी एकमतानं ठरवलं.

इथं जरा गडबड झाली. तिचे दीर आयबेक हे गावभर प्रसिद्ध होते ते याच्यासाठीच. याचं खोगीर, त्याचा विळा, तिसऱ्याचा सायकलचा पंप, मागून न्यायचं आणि विसरायचं. आठवड्याच्या आत सगळा गाव त्यांना उसन्या म्हणू लागला. बेरमेतच्या सासूबाई माझ्याकडे येऊन तासभर बसल्या आणि तीन वाट्या चहा पिऊन म्हणाल्या, "सेयिल, सुनेनं नाव घेतलं असतं ना, तर परवडलं असतं." तेमिरबाय मात्र काही बोलला नाही. तो म्हातारा कधीच काही बोलायचा नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या घोड्याला कळत असेल तर असेल.

आता मूळ अडचण सांगते. बेरमेतची नेमणूक एक वर्षाच्या बोलीवर होती. मार्चमध्ये जिल्ह्याहून तपासणीस येणार, सगळ्यांच्या समोर उघडा पाठ घ्यायचा, तो पसंत पडला तर जागा कायम. नाही पडला तर सासूबाईंनी गोठ्याच्या मुकादमाशी आधीच बोलून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये गाई वितात, हात कमीच पडतात. बेरमेतला गोठ्याच्या कामाची लाज नव्हती, ती गोठ्यातच वाढलेली. पण ती मला एकदा म्हणाली, "एजे, सकाळी वर्गाचं दार उघडताना मला जे वाटतं ते दुसऱ्या कुठल्याच दारापाशी वाटत नाही." हे मी विसरले नाही.

मुख्याध्यापक ओमुरझाक सज्जन गृहस्थ, पण भित्रे. त्यांच्या लक्षात आलं की पालक समितीचा अध्यक्ष म्हणजे तेमिरबाय, तो पहिल्या रांगेत बसणार. त्याच्यासमोर सून ते शब्द उच्चारणार नाही, आणि उच्चारले नाहीत तर तपासणीस तिला उच्चारायला लावणार. उच्चारले तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. इकडे आड तिकडे विहीर. त्यांनी म्हाताऱ्याकडे जाऊन त्या दिवसापुरतं आजारी पडायची विनंती केली. म्हातारा म्हणाला, चौसष्ट वर्षांत आजारी पडलो नाही, आता शिकायचं म्हटलं तर जमायचं नाही.

मग ते बेरमेतकडे वळले. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं: हिवाळ्यातले पक्षी असा पाठ घ्या. चिमण्या, कावळे. पक्ष्यांत कुणाचे सासरे नाहीत. मीही तिला तेच सांगितलं. माझ्याकडे पक्ष्यांची सात पुस्तकं होती, सातही मी टेबलावर मांडली.

तिनं एकही उचललं नाही. झालं असं होतं की आठवड्यापूर्वी एर्मेकला माझ्याच कपाटात आगबोटीचं पुस्तक सापडलं होतं. मोठ्या सरोवरावरची बोट, पांढरी, धूर सोडणारी, तिच्यावर माणसं, मेंढ्या, एक मोटार. त्यानं ते वर्गात नेऊन विचारलं होतं की बोट तर ठोकीवची, आणि ठोकीव बुडतं, मग ही का बुडत नाही? आठ दिवस वर्गाला दुसरं काही सुचत नव्हतं.

"मुलं प्रश्नापाशी येऊन उभी आहेत," बेरमेत म्हणाली. "आता मध्येच चिमण्या कुठून आणू? पाहुण्यांसाठी?"

मी तिला म्हटलं, पोरी, जागा जाईल. ती म्हणाली, जाणार नाही. तिच्या आवाजात इतकी खात्री होती की मी सातही पुस्तकं परत कपाटात ठेवली. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिला विचारलं तर ती गाढ झोपली होती.

तपासणीस म्हणून कानिमेतबाई आल्या. राजधानीत शिकलेल्या, केस कापलेले, हातात चामडी पिशवी. शिक्षकांत त्यांची दहशत होती. तशा त्या दुष्ट नव्हत्या, पण फसवलेलं त्यांना दोन मिनिटांत कळायचं. मागच्या बाकांवर शेजारच्या गावांचे सात शिक्षक, पहिल्या रांगेत तेमिरबाय टोपी मांडीवर ठेवून, त्याच्याशेजारी ताश्तान, आणि दारापाशी मी. सासूबाई खिडकीबाहेर उभ्या होत्या. आत या म्हटलं तर ऐकू येत नसल्याचं सोंग केलं.

बेरमेतनं वर्गाच्या मध्यभागी कपडे धुवायचा पत्र्याचा टब पाणी भरून ठेवला होता. तिनं आगबोटीचं चित्र उघडून भिंतीला टेकवलं, विसरभोळ्या शिंगराचं त्याच्या शेजारी टेकवलं आणि बाजूला झाली. तिचा पाठ म्हणजे एवढाच असायचा.

मुलांनीच सुरू केलं. एका पुस्तकात नाल बुडतो, दुसऱ्यात बोट बुडत नाही, दोन्ही ठोकीव. दोहोंपैकी कुठलं तरी चित्र खोटं बोलतंय, असं एक मुलगी म्हणाली. एर्मेकनं नाल टबात सोडला. बुडाला. मग मुलामा दिलेला रुंद वाडगा ठेवला. तरंगला. "पण दोन्ही ठोकीवच," तो कानिमेतबाईंना समजावून सांगू लागला, "आणि कपच्या तर कसाही ठेवा, बुडतोच."

कानिमेतबाईंची लेखणी थांबली. "ठोकीव म्हणजे काय?"

बाईंनी वाडगा उचलला आणि परत विचारलं, हा कशाचा आहे, याला काय म्हणतात? मुलं बेरमेतकडे बघू लागली. ती पुढे झाली आणि म्हणाली, "सांगा पाहुण्यांना. नाव काय आणि गुण काय."

अठ्ठावीस गळ्यांनी एकदम सांगितलं. "नाव तेमिर! गुण ठोकीव!"

"नाव ताश, गुण कपच्या!"

त्या पोरांना कसलं आलंय सासर? एकदा तोंड सुटल्यावर ती थांबतात होय. तेमिर बुडतो, एक म्हणाला. ताशपण बुडतो, दुसरा म्हणाला. आणि मग एर्मेकनं वाडग्यात नाल ठेवला, वाडगा जरा खाली गेला पण तरंगतच राहिला, आणि तो आनंदानं ओरडला, "तेमिर आतून पोकळ असला की तरंगतो!"

पहिल्या रांगेत तेमिरबाय बसलेला. मागच्या एका शिक्षकानं हसू दाबायला खोकल्याचं नाटक केलं. ताश्ताननं भावाकडे बघितलंच नाही, तो छताकडे बघत बसला. मुख्याध्यापकांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

कानिमेतबाईंना आता सगळं कळलं होतं. त्या खेड्यातच वाढलेल्या, त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी म्हाताऱ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि लेखणी खाली ठेवली.

"मुलांना शब्द येतो, हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण शिकवणाऱ्यानं वस्तूचं नाव घ्यायचंच नाही, असं मी कागदावर कसं लिहू? बेरमेत, तुम्ही एकदा म्हणा. एकदाच. मी पुढं जाते."

बेरमेत लाल झाली. खिडकीबाहेर सासूबाईंनी रुमाल तोंडावर धरला. तेवढ्यात तेमिरबाय उठला. सावकाश उठला, टोपी डोक्यावर ठेवली, जणू कुठल्या सभेत बोलायचंय.

"म्हण, पोरी," तो म्हणाला. "माझं नाव आहे. तुझ्या तोंडात गेलं म्हणून गंजणार नाही."

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मी मनात म्हटलं, सुटली. आता म्हणून टाक आणि मोकळी हो. परवानगी मिळाली, जागा मिळाली, आता काय हवं?

बेरमेतनं सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. मग ती कानिमेतबाईंकडे वळली आणि म्हणाली, "मी म्हणणार नाही, एजे."

ओमुरझाक उठून अर्धे उभे राहिले आणि परत बसले.

"सप्टेंबरात मला म्हणता येत नव्हतं, म्हणून मी मुलांना विचारत गेले," ती म्हणाली. "आज आबांनी मोकळीक दिली, त्यांचे उपकार आहेत. पण मी नाव सांगितलं की ही मुलं ते वहीत लिहून घेतील आणि वही मिटतील. नाव तर तुम्हालाही येतं. मग तुम्ही सांगा, हा वाडगा का तरंगतोय?"

तपासणिसाला उलट प्रश्न विचारायचा! कानिमेतबाई म्हणाल्या, वाडगा हलका आहे म्हणून.

आसिलनं हळूच उठून वाडगा एका हातात आणि खिशातला खिळा दुसऱ्या हातात घेतला आणि ते दोन्ही बाईंच्या हातांत दिले. खिळा वाडग्यापेक्षा कितीतरी हलका होता. तिनं खिळा पाण्यात टाकायला सांगितलं. बाईंनी टाकला. तो तळाला गेला.

यानंतर जे झालं ते मी गावात कित्येकदा सांगितलं आणि दर वेळी कुणी ना कुणी म्हणालं की सेयिल वाढवून सांगते. कानिमेतबाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि टबापाशी उकिडव्या बसल्या. एर्मेकनं त्यांना खेळायच्या रंगीत मातीचा गोळा दिला. गोळा बुडाला. त्यांनी तो चपटा केला. तोही बुडाला. "कडा वर करा, एजे," आसिल म्हणाली. त्यांनी कडा वर केल्या, होडी झाली, ती कलंडली आणि बुडाली. "पातळ करा, आणि जास्त रुंद." चौथ्या खेपेला होडी तरंगली. बाईंनी तिच्यात खिळा ठेवला. तरीही तरंगली. बाईंच्या तोंडावर जे आलं ते मी अंगणात कुरुत बघताना अठ्ठावीस तोंडांवर पाहिलेलं होतं.

"माती तेवढीच आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "वजन तेवढंच."

"पण जागा जास्त अडवली ना," एर्मेक म्हणाला. "पाण्याला सरकावं लागलं. गोळ्यासाठी पाण्याला थोडंच सरकावं लागतं, होडीसाठी पुष्कळ. जेवढं जास्त सरकतं तेवढं ते जोरात वर ढकलतं."

तो हे बोलून गेला आणि मग स्वतःच चमकला, कारण आठ दिवस जे सापडत नव्हतं ते त्याच्या तोंडून आत्ता पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं. बेरमेतनं आगबोटीचं पुस्तक भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिलं. माझ्या वाचनालयाचं पुस्तक, नोंद न करता.

कानिमेतबाईंनी कागद तिथल्या तिथंच लिहून पूर्ण केला. कणकेचे बोर्सोक तळून तयार होते, चहा झाला होता, पण त्या आधी लिहीत बसल्या. ओमुरझाकांनी तो कागद शिक्षकांच्या खोलीत आम्हाला वाचून दाखवला. 'उणिवा' या रकान्यात लिहिलं होतं: शिक्षिका वस्तूंची नावं सांगत नाही. 'जमेच्या बाजू' या रकान्यात लिहिलं होतं: शिक्षिका वस्तूंची नावं सांगत नाही. खाली शिफारस, नेमणूक कायम करावी, आणि सही. ओमुरझाकांना वाटलं बाईंकडून चुकून एकच वाक्य दोनदा लिहिलं गेलं, ते विचारायला निघाले होते. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा तेमिरबाय आणि बेरमेत माझ्या पुढेच चालले होते. मार्चचा अर्धवट वितळलेला बर्फ, सगळीकडे राड. म्हातारा पुढे काठी टेकत, सून रीतीप्रमाणे एक पाऊल मागे. सासूबाई केव्हाच पुढे जाऊन गावात बातमी पोचवण्यात गुंतल्या होत्या, आणि ती त्या कशी सांगत असतील त्याची मला कल्पना होती: आमच्या सुनेनं जिल्ह्याच्या बाईला खाली बसवलं.

पुलापाशी म्हातारा थांबला. त्यानं मला बघितलं होतं, पण माझ्यासमोर बोलायला त्याची हरकत दिसली नाही.

"पोरी, एक राहिलं," तो म्हणाला. "ती बाई टबासमोर बसली आणि मला पुढचं काही दिसलं नाही. तो वाडगा का बुडाला नाही?"

बेरमेत दिवसभराची दमलेली होती. सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "आधी सांगा, वाडगा कशाचा होता?"

विचारलं आणि तिच्या लक्षात आलं कुणाला विचारलं. तिनं जीभ चावली. मीही जागच्या जागी थबकले. म्हाताऱ्यानं नदीकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं आणि घसा साफ केला.

"तेमिरचा," तो म्हणाला.

आता मागं फिरणं नव्हतंच. "आणि आतून कसा होता?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

"पोकळ."

"मग पाण्याला किती सरकावं लागलं असेल?"

म्हाताऱ्यानं घाई केली नाही. काठीच्या टोकानं बर्फात एक टिंब काढलं, त्याच्या शेजारी एक मोठा वाडगा काढला आणि बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीनं बघितलं.

"पुष्कळ," तो म्हणाला.

"शाब्बास," बेरमेत म्हणाली.

सासऱ्याला शाब्बास म्हणणारी सून आमच्या गावात तोवर झाली नव्हती. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. तेमिरबायनं टोपी सरळ केली आणि तो पूल ओलांडू लागला, पाठ ताठ करून, चौसष्ट वर्षांत पहिल्यांदाच वर्गात उत्तर बरोबर आल्यासारखा.